फोनवर पुस्तक विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?

नांदेडहून लातूरला एसटीने निघालं की तीन-चार तास हातात असतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात मी फोनवर घेतलेलं पुस्तक उघडलं. पैसे भरलेले, डाउनलोड केलेलं, निम्मं वाचूनही झालेलं. लोहा मागे पडलं, रेंज गेली आणि अ‍ॅप म्हणालं, 'परवाना तपासण्यासाठी इंटरनेट सुरू करा.' शेजारच्या काकांच्या हातात वाचनालयाचा शिक्का मारलेली, पुठ्ठा निखळलेली एक कादंबरी होती. ती लोह्याला उघडी होती आणि अहमदपूरलाही उघडीच होती. मी विकत घेतलेलं पुस्तक बंद आणि त्यांनी वाचनालयातून आणलेलं चालू!

पुढे काही महिन्यांनी ते अ‍ॅपच बंद पडलं. त्यात माझी चार पुस्तकं होती. ती गेली आणि पैसेही गेले. तेव्हा पहिल्यांदा मी अशा अ‍ॅप्सच्या अटी नीट वाचायला बसलो. त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय, कारण लातूर-नांदेडला बारावी, नीट किंवा स्पर्धा परीक्षेसाठी रूम करून राहणारी बरीच मुलं आता पुस्तकांचे पैसे फोनवरच खर्च करतात.

'बाय' दाबल्यावर काय होतं?

दुकानातून छापील पुस्तक घेतलं की ती प्रत तुमची होते. मित्राला द्या, वर्षाने अर्ध्या किमतीत विका, वाचनालयाला देऊन टाका. प्रकाशकाला विचारायची गरज नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही (1957) हे दिसतं. कलम 14 प्रमाणे लोकांसाठी प्रती काढण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचा असतो, पण आधीच चलनात आलेली प्रत त्यातून वगळलेली आहे. वाचनालय पुस्तक देऊ शकतं ते याच जोरावर. त्यांनी प्रत विकत घेतली, पुढे ती कोणाला वाचायला द्यायची हे ते ठरवतात.

ई-पुस्तकाचं असं नसतं. किंडल असो, गूगल प्ले बुक्स असो की दुसरं कुठलं अ‍ॅप, पैसे भरून तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. म्हणजे 'आमच्या अ‍ॅपमध्ये, तुमच्या खात्यावर, आमच्या अटी पाळून वाचा' एवढी परवानगी. ती साधारणपणे विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, आणि खातं बंद झालं की तीही संपते. थोडक्यात, परतीची तारीख न टाकता दिलेलं उसनं पुस्तक.

आपला जीएसटीसुद्धा हा फरक मानतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ई-पुस्तक मात्र कराच्या हिशोबात वस्तू नसून सेवा धरलं जातं, आणि छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर 2018 पासून 5 टक्के कर आहे. दुकानातल्या बिलापेक्षा अ‍ॅपचं बिल का वेगळं दिसतं, त्याचं एक कारण हे.

हा धोका कागदावरचा नाही. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून एका पुस्तकाच्या विकलेल्या प्रती दूरूनच पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे त्यांचं कारण. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली. पुस्तक कोणतं होतं? जॉर्ज ऑर्वेलचं '1984', म्हणजे सरकार कागदपत्रं गायब करतं त्याचीच कादंबरी. (असा योगायोग कोणी गोष्टीत लिहिला तर आपण म्हणू, फारच जुळवून आणलंय.) मला त्यातला दुसरा भाग जास्त लागला. अमेरिकेत मिशिगनमधला 17 वर्षांचा एक विद्यार्थी त्या पुस्तकावर शाळेसाठी टिपणं काढत होता. पुस्तक गेल्यावर ती टिपणं नुसती लटकून राहिली, कोणत्या ओळीवरचं काय ते कळेना. त्याने दावा लावला आणि अ‍ॅमेझॉनने दीड लाख डॉलरवर तडजोड केली.

मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. एप्रिलमध्ये विक्री थांबली आणि जुलैपासून लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. त्यांनी पैसे परत केले, एवढं चांगलं. फेब्रुवारी 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोय काढून घेतली. त्याच्या आधी, 1 जानेवारी 2025 पासून, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नवा कायदा लागू झाला आहे. डिजिटल वस्तूवर 'विकत घ्या' असं लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून अटी आपणच वाचायच्या.

फोनवर पुस्तक 'बदलायचं' कसं?

आपण वाचनालयात पुस्तक 'बदलायला' जातो. एक परत करायचं, दुसरं आणायचं. डिजिटल ग्रंथालयात फोनच्या आत नेमकं हेच होतं.

तुम्ही 'बॉरो' दाबलं की सर्व्हर पुस्तकाची फाईल कुलूप लावून पाठवतो. तांत्रिक भाषेत फाईल एन्क्रिप्ट केलेली असते. किल्ली वेगळी येते आणि ती तुमच्या खात्याला, बऱ्याचदा त्या एकाच फोनला बांधलेली असते. किल्लीसोबत तारीख येते, समजा 14 दिवसांची. तारीख उलटली की किल्ली चालत नाही. फाईल फोनमध्येच पडून असते, पण कुलूपबंद. म्हणून फाईल मॅनेजरमध्ये ती सापडली तरी दुसऱ्या अ‍ॅपने उघडत नाही. या कुलूप-किल्लीच्या व्यवस्थेला डीआरएम म्हणतात. विकत घेतलेल्या बहुतेक ई-पुस्तकांवरही हेच असतं, फक्त तारीख टाकलेली नसते. एसटीत माझं पुस्तक अडलं ते अ‍ॅपला किल्ली पुन्हा तपासायची होती म्हणून. घड्याळ मागे करून बघू नका, मी पाहिलंय, अ‍ॅप सर्व्हरची वेळ बघतं.

आता प्रश्न येतो की डिजिटल प्रती तर हव्या तितक्या काढता येतात, मग वाट का बघावी लागते? कारण प्रकाशक ग्रंथालयालाही परवानाच देतात, तोही मोजून. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. अमेरिकेत हार्परकॉलिन्सने 2011 मध्ये नियम केला की एक ई-प्रत 26 वेळा दिली की परवाना संपला, ग्रंथालयाने पुन्हा विकत घ्यावा. छापील प्रतही झिजतेच की, असं त्यांचं म्हणणं. आपल्या वाचनालयातल्या डिंकाने चिकटवलेल्या कादंबऱ्या 26 च्या कितीतरी पुढे गेलेल्या असतात, पण तो मुद्दा वेगळा.

इंटरनेट आर्काइव्हने वेगळी वाट काढली होती. आपल्याकडच्या छापील पुस्तकाचं स्कॅन करायचं आणि जितक्या छापील प्रती तितक्याच लोकांना एका वेळी वाचायला द्यायचं. 2020 मध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला. मार्च 2023 मध्ये आर्काइव्ह हरलं, सप्टेंबर 2024 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देण्याच्या यादीतून काढावी लागली. फोनवर पुस्तक शोधताना कधी नाव दिसतं पण 'बॉरो' बटण दिसत नाही, त्यामागे अनेकदा हे प्रकरण असतं.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला काय मिळू शकतं?

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आधी सांगतो: एन-लिस्ट. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना महाविद्यालयांसाठी आहे. कॉलेजने सदस्यत्व घेतलेलं असेल, तर विद्यार्थ्यालाही स्वतःचा यूजर आयडी आणि पासवर्ड मिळू शकतो, आणि मग मोठमोठ्या प्रकाशकांची ई-पुस्तकं आणि नियतकालिकं घरबसल्या उघडतात. कॉलेजच्या वायफायवर असण्याची गरज नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांत बी.ए., बी.एस्सी., एम.ए. करणाऱ्यांनी ग्रंथपालांना एवढंच विचारायचं: 'सर, आपलं कॉलेज एन-लिस्टमध्ये आहे का?' माझ्या ओळखीतल्या पाच जणांपैकी चार जणांनी हे कधी विचारलंच नव्हतं. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूर चालवतं. अ‍ॅप आहे, नोंदणी मोफत आहे. पण ते गोदाम नाही, सूची आहे. पुस्तक कुठे आहे ते दाखवतं आणि तिकडे पाठवतं. कधी पूर्ण पुस्तक उघडतं, कधी नुसती माहिती हाती लागते. पहिल्याच वेळी नुसती माहिती दिसली म्हणून अ‍ॅप काढून टाकू नका.

घरात लहान भावंडं असतील तर राष्ट्रीय ई-पुस्तकालय बघा. नॅशनल बुक ट्रस्टचं हे अ‍ॅप मुलांसाठी आहे आणि इंग्रजीसोबत भारतीय भाषांतली पुस्तकंही त्यात मोफत आहेत.

नीटवाल्यांसाठी एकच वाक्य: एनसीईआरटीची सगळी पुस्तकं त्यांच्याच वेबसाइटवर पीडीएफमध्ये मोफत आहेत, बालभारतीचीही तशीच आहेत, त्यामुळे ती फोनवर घ्यायला कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

मराठी साहित्याचं काय? इथे एक हिशोब पाठ करून ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो आणि तो हिशोब पुढच्या 1 जानेवारीपासून धरतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांची झाली. बाबासाहेब आंबेडकर 1956 मध्ये गेले, म्हणून त्यांचं मूळ लेखन 2017 पासून. ह. ना. आपटे, गडकरी तर त्याच्याही कितीतरी आधी. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर शोधा, कायदेशीर आणि फुकट. मात्र अनुवाद आणि प्रस्तावनेचा कॉपीराइट वेगळा असतो, तिथे अनुवादकाचं वर्ष बघायचं. उलट आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर 1982 मध्ये गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं 1 जानेवारी 2043 पर्यंत संरक्षित आहेत. खांडेकर 1976 मध्ये गेले, त्यांची 2037 पर्यंत.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं पीडीएफ म्हणून मोफत ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने मराठी ई-पुस्तकं फुकट देतं. इंटरनेट आर्काइव्हवर 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो जुनी मराठी पुस्तकं आहेत, तीही बघण्यासारखी आहेत.

फोनवर वाचताना येणारी एक अडचण कोणी सांगत नाही. जुन्या स्कॅनमध्ये प्रत्येक पान म्हणजे एक फोटो असतो. अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते आणि दर ओळीला बोटाने सरकवत बसावं लागतं. फाईलही 50-60 एमबीची असू शकते. ई-पब फाईल मात्र एक-दोन एमबीची असते आणि स्क्रीनप्रमाणे ओळी आपोआप मांडते. दुसरी गंमत अशी की मराठी पुस्तकं कित्येक वर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्यांची पीडीएफ दिसायला झकास, पण त्यात शब्द शोधला तर सापडत नाही आणि कॉपी करून पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. त्यामुळे एखादं मराठी ई-पुस्तक विकत घ्यायचं असेल तर आधी नमुना उघडून अक्षर मोठं करून बघा आणि एक शब्द शोधून बघा. दोन्ही जमलं तरच पैसे भरा.

किंडल अनलिमिटेड किंवा स्टोरीटेलसारखी मासिक वर्गणीची अ‍ॅप्स मला उलट प्रामाणिक वाटतात. तिथे 'विकत' हा शब्दच नाही. महिना भरा, वाचा किंवा ऐका, वर्गणी थांबली की पुस्तकं गेली. हिशोब सोपा आहे: महिन्याला निदान दोन पुस्तकं होत नसतील तर वर्गणी वाया जाते. ऑटो-पे मात्र पहिल्याच दिवशी बंद करून ठेवा, परीक्षेच्या महिन्यात आठवण राहत नाही.

छापील वाचनालय अजून का जिंकतं

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयं राज्यात आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. अनामत रक्कम आणि छोटी वर्गणी भरली की सभासद होता येतं. मी ज्या दोन वाचनालयांचा सभासद आहे, तिथे नवीन कादंबरीची ई-प्रत फोनवर देण्याची सोय नाही. पण छापील प्रत आहे. तिला किल्ली नाही, रेंज लागत नाही, अ‍ॅप बंद पडत नाही. नव्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत अजून तरी हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

वाचनालयाच्या मर्यादाही आहेतच. स्पर्धा परीक्षेची चालू वर्षाची आवृत्ती क्वचित मिळते, मिळाली तर सात-आठ जण रांगेत असतात. आणि त्यात खुणा करता येत नाहीत. (कोणीतरी आधीच केलेल्या असतात, त्याही चुकीच्या उत्तरावर.)

टेलिग्रामवरची पीडीएफ

हे टाळून लेख पुरा होणार नाही. ग्रुपवर सगळी पुस्तकं फुकट मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. मीही एकेकाळी घेतली आहेत. पण 2022 मध्ये काय झालं ते बघा. स्पर्धा परीक्षेच्या एका शिक्षिकेची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामवर फिरत होते. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितली आणि टेलिग्रामने नावं, फोन नंबर, आयपी अ‍ॅड्रेस न्यायालयाला दिले. म्हणजे टोपणनावाने चॅनल चालवलं तरी नंबर पोचतोच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नुसतं वाचणाऱ्यापेक्षा ग्रुपवर फाईल टाकणारा आणि ग्रुप चालवणारा यात जास्त अडकतो. 'मी फक्त अ‍ॅडमिन आहे' हे तिथे उत्तर होत नाही.

शिवाय ज्या फाईलला पीडीएफ म्हणतात, ती उघडण्यासाठी आधी एखादं एपीके टाकायला सांगितलं जात असेल, तर ते पुस्तक नाही. ते तुमच्या यूपीआयसाठी आलेलं आहे.

मी काय करतो

वर्षभर रोज लागणारं, खुणा करायचं, परीक्षेनंतर विकता येणारं पुस्तक मी छापीलच घेतो. 400 रुपयांचं पुस्तक वर्षाने 200 ला गेलं, तर ते मला 200 लाच पडलं. ई-पुस्तक 250 ला मिळालं तरी पुढे त्याचा एक रुपयाही परत येत नाही, म्हणजे स्वस्त दिसणारं महाग पडलं. एकदाच वाचायची कादंबरी वाचनालयातून आणतो. संदर्भासाठी एखादंच प्रकरण हवं असेल तर एन-लिस्ट किंवा आर्काइव्ह.

ई-पुस्तक विकत घेतो ते दोनच वेळा: छापील प्रत संपलेली असेल तेव्हा, किंवा डीआरएम नसलेली ई-पब अथवा पीडीएफ फाईल हातात मिळत असेल तेव्हा. अशी फाईल मिळाली की लगेच पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवतो. फाईल मिळत नसेल तर घेण्याआधी अटींमध्ये तीन शब्द शोधतो: 'लायसन्स', 'टर्मिनेट', 'रिफंड'. सेवा बंद झाली तर पैसे परत देणार का, हे बहुतेक तिसऱ्या शब्दाच्या आसपास सापडतं. माझ्या त्या बंद पडलेल्या अ‍ॅपच्या अटींतही ते लिहिलेलं होतं: देणार नाही.

आणि टिपणं. अ‍ॅपमध्ये पिवळ्या केलेल्या ओळी अ‍ॅपसोबत जातात. किंडलमध्ये आणि प्ले बुक्समध्ये त्या बाहेर काढता येतात, किंडलमध्ये ईमेलने आणि प्ले बुक्समध्ये गूगल ड्राइव्हवर. दर महिन्याच्या एक तारखेला मी ते करतो. उसन्या पुस्तकाच्या बाबतीत परत करायच्या आदल्या दिवशी. एसटी निघण्याच्या आदल्या रात्री मात्र अजून एक काम असतं: फोन एअरप्लेन मोडवर टाकून पुस्तक उघडतं का ते बघायचं.